सिंगापूरला न गेलेले अकरा पासपोर्ट

शाळेच्या ऑफिसात बावीस वर्षं काढली की किस्से आपोआप साठत जातात. फायलींना निदान कपाट असतं, किश्श्यांना तेही नसतं. चहाला चार जण बसले की कोणीतरी म्हणतंच, "काळेबाबू, तो पासपोर्टचा सांगा ना." मी सांगायला लागतो आणि दुसऱ्या मिनिटाला खुर्चीतून उठून फेऱ्या मारू लागतो. त्या प्रकरणात माझ्या जिवाची जी घालमेल झाली ती अजून पुरती शमलेली नाही, काय करू!

*

आमची शाळा अमरावतीत, राजापेठेच्या जवळ. अठरा वर्षांपूर्वी सगळ्या स्टाफने दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरला जायचं ठरवलं. फॉर्म कोणी भरले? मी. अकरा जणांचे अकरा पासपोर्ट आले, स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले, आणि पुढच्याच आठवड्यात सगळ्यांना निवडणुकीची ड्यूटी लागली!

सिंगापूर बोंबललं. आम्ही जीपमध्ये एकमेकांच्या मांडीवर बसून धारणीच्या पलीकडे, मेळघाटातल्या मतदान केंद्रांवर गेलो. ड्रॉइंगचे इंगोले सर ओळखपत्र म्हणून नवाकोरा पासपोर्टच घेऊन आले होते. गावच्या कोतवालाने तो उलटसुलट करून पाहिला आणि काळजीने विचारलं, "सर, आमच्या गावात यायले आता हे लागते का?"

त्या अकरा पासपोर्टांपैकी एवढाच एक घराबाहेर पडला.

*

एवढाच म्हणजे, पी.टी.चे राऊत सर सोडून. ते तेव्हा लग्नाचे होते. अचलपूरला मुलगी पाहायला गेले तेव्हा त्यांच्या आईने शेत, नोकरी, स्वभाव सगळं सांगून झाल्यावर पर्समधून पासपोर्ट काढून पोह्यांच्या प्लेटशेजारी ठेवला. बोलल्या काहीच नाहीत. मुलीकडच्यांनी त्यातून काय अर्थ काढायचा तो काढला आणि आठ दिवसांत लग्न जमलं.

आता दोन मुलं आहेत. वहिनी बिचाऱ्या चिखलदऱ्यावर भागवतात, पण दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला एकदा विचारतातच, "मंग, कवा निघायचं?"

*

दहा वर्षांनी अकराही पासपोर्टांची मुदत एकाच महिन्यात संपली. कोणाला पत्ता नव्हता. पत्ता लागला तो त्यानंतर आणखी आठ वर्षांनी, सुनंदाताईंना त्यांच्या मुलीचा, पल्लवीचा फोन आला तेव्हा.

सुनंदाताई वानखडे म्हणजे आमच्या भूगोलाच्या बाई. तीस वर्षं त्यांनी नकाशावर काठी ठेवून पोरांना जग दाखवलं आणि स्वतः नागपूरच्या पुढे गेल्या नाहीत. पल्लवी जर्मनीत नोकरीला, तिला दिवस गेलेले. ती म्हणाली, आई, बाळंतपणाला तू पाहिजेस, मे महिन्यापर्यंत ये. ताई मधल्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी आल्या. ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं तरी हळूच म्हणाल्या, "काळेबाबू, पोरीनं आजपर्यंत मले कायीच मागतलं नाही. एवढं तुमी कराच."

झालं! त्या क्षणापासून माझी झोप उडाली.

*

पासपोर्टची अपॉइंटमेंट ऑनलाइन घ्यावी लागते. अमरावतीच्या तारखा दिसायच्या आणि मी बोट लावेपर्यंत गायब व्हायच्या. मी जेवताना फोन बघायचो, फी घेताना बघायचो, शिक्षण खात्याच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली बघायचो. एकदा सकाळी प्रार्थनेच्या आधी मैदानात उभं राहून बघतोय तर अमरावतीचे तीन स्लॉट मोकळे! बोट उचललं आणि राष्ट्रगीत सुरू झालं.

आता हलणार कसं? समोर आठशे पोरं. मी सावधानमध्ये उभा, फोन मुठीत, घाम कानामागून खाली चाललेला. राष्ट्रगीत एवढं मोठं आहे हे मला त्या दिवशी कळलं. संपल्यावर पाहिलं तर एकही स्लॉट शिल्लक नाही. हेडमास्तर जवळ येऊन म्हणाले, काळेबाबू, तुमच्यासारखं ताठ उभं राहायला पोरांनी शिकलं पाहिजे.

शेवटी अकोल्याची तारीख मिळाली.

*

अकोल्याला मीच सोबत गेलो. बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत ताईंना सगळी कागदपत्रं तीनदा मोजायला लावली. आधार आहे, घराचा पुरावा आहे. मग म्हटलं, जुना पासपोर्ट दाखवा. तो त्यांनी रेशमी रुमालातून काढला आणि मला बसमध्येच घेरी यायची बाकी राहिली.

झालं होतं असं, की पासपोर्टच्या फोटोच्या दिवशी ताई टिकली लावायला विसरल्या होत्या. पुस्तक घरी आल्यावर सासूबाईंनी फोटो पाहिला. सुनेचं कपाळ मोकळं! त्यांना ते काही सहन होईना. मग दर दसऱ्याला शिलाई मशीन, विळा, स्कूटर यांच्या पूजेबरोबर पासपोर्टही पाटावर यायचा आणि सासूबाई फोटोच्या कपाळाला ओलं कुंकू लावायच्या. अठरा दसरे! प्लास्टिक सुटलं, कुंकू आत उतरलं, आणि ताईंच्या कपाळावरून ओघळत पासपोर्टच्या नंबरापर्यंत गेलं.

खिडकीतल्या मॅडमनी विचारलं, "हे काय आहे?"

"कुंकू," ताई म्हणाल्या.

मॅडम भल्या होत्या, हसल्या नाहीत. पण नंबरचे शेवटचे दोन आकडे दिसत नाहीत, म्हणजे पासपोर्ट खराब झालेला, म्हणजे फाइल नागपूरच्या मोठ्या पासपोर्ट ऑफिसात जाणार. लेखी खुलासा द्या म्हणाल्या. पुढची तारीख कळवू.

मे महिना तोंडावर आलेला आणि फाइल नागपूरला! परतीच्या बसमध्ये ताईंनी पासपोर्ट पुन्हा रेशमी रुमालात गुंडाळला. मी मात्र बडबडत होतो. मला राग कोणाचा आला होता तेच कळत नव्हतं.

*

नोकरीत मी हजारो खुलासे लिहिले. पैसे खाणाऱ्यांचे लिहिले, परीक्षेत झोपलेल्या सुपरवायझरचा लिहिला. पण हा लिहिताना चार कागद फाडले. शेवटी लिहिलं, "सदर पासपोर्टवरील लाल डाग हा शाईचा अथवा रक्ताचा नसून सौभाग्याचा आहे."

ताईंनी तो घरी वाचून दाखवला. सासूबाईंना त्यात आपली चूक कुठे आहे तेच सापडेना. म्हणाल्या, "मी पूजा केली म्हणून तो सापडला तरी. बाकी धा जणांचे कुठं हायत, विचार."

खरंच, माझा स्वतःचा आजतागायत सापडलेला नाही.

*

दुसऱ्यांदा अकोल्याला गेलो तेव्हा ऊन असं की बसचा दांडा धरवेना. खुलासा नागपूरने मान्य केला होता. मॅडमनी जुना पासपोर्ट घेतला आणि पानं चाळली. सगळी कोरी. कुठल्या देशाचा, कुठल्या विमानतळाचा शिक्का नाही. मग त्यांनी त्यावर 'रद्द'चा शिक्का मारला आणि पुस्तक परत दिलं.

ताईंनी ते पान उघडून पाहिलं. "बसला बाई एकदाचा शिक्का," म्हणाल्या.

मला तिथे एकदम फार वाईट वाटलं. ते दिसू नये म्हणून मी बस पाहायला बाहेर पळालो. बसला अजून पाऊण तास होता.

*

मग पोलिस चौकशी. हवालदार रीतसर घरी आले. ताई शाळेत, घरी एकट्या सासूबाई. त्यांनी हवालदारांना पाणी दिलं, पंखा लावला. हवालदारांनी नेहमीचा प्रश्न विचारला, बाईंच्या नावावर काही गुन्हा वगैरे?

सासूबाई पदर सावरून समोर बसल्या. "बसा मंग," म्हणाल्या, "सुरुवातीपासून सांगतो."

हवालदार दीड तासाने बाहेर पडले. रिपोर्ट चांगला दिला, आणि वर जाताना एक पिशवी कुरडया घेऊन गेले.

*

एवढं सगळं झालं, पण बाळ काही थांबलं नाही. तारखेच्या तीन आठवडे आधीच आलं. मुलगा झाला. आई नाही, कोणी नाही, पल्लवी आणि जावईच काय ते. ताईंनी पेपर तपासता तपासता फोनवर फोटो पाहिला, आम्हाला दाखवला, आणि पुन्हा पेपर तपासायला घेतले. तो संपूर्ण गठ्ठा त्यांनी सढळ हाताने तपासला होता. एकही पोरगं नापास नाही.

मी रोज पोस्टमनची वाट बघत होतो. एप्रिल गेला, मे गेला. शाळा उघडली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी नवा पासपोर्ट आला. ताई तो घेऊन थेट स्टाफरूममध्ये आल्या. मधल्या सुट्टीत आम्ही सगळे भोवती जमलो आणि इंगोले सरांनी पल्लवीला व्हिडिओ कॉल लावला.

ताईंनी पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरला. तिकडे पल्लवी हसली. म्हणाली थांब, आणि तिनेही तस्साच एक निळा पासपोर्ट समोर धरला. आत दोन महिन्यांच्या बाळाचा फोटो, डोळे वटारलेला.

"आई, याचा परवाच आला," ती म्हणाली. "आता तू कशाले त्रास घेतं? तुह्या व्हिसाले अजून दीड महिना जाईन. आमीच येतो ना दिवाळीले."

राऊत सर खिडकीतून मैदान बघायला लागले. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. चार महिने, दोनदा अकोला, तो खुलासा!

ताईंनी चष्मा पुसला, परत लावला आणि फोन इंगोले सरांच्या हातून स्वतःच्या हातात घेतला.

"दिवाळीले तुमी याच," त्या म्हणाल्या. "पण पल्लवी, तुह्या पोराले सांगून ठेव, लाइनीत त्याच्या आजीचा नंबर आधी आहे. मी येऊन राहिली."