आत्याने सोडलेली सीट

ड्रायक्लीनरच्या दुकानावरच्या खोलीत तिचं ऑफिस. खालच्या इस्त्रीची वाफ फरशीतून वर येते की काय, असं गिऱ्हाइकाला वाटतं. कुणी कुरकुर केलीच, तर ती म्हणते, "परदेशातल्या थंडीत माझी आठवण यावी म्हणून आधी शेकून पाठवते." रस्त्यावरचे सगळे तिला तिकीटताई म्हणतात. खरं नाव फक्त वीजबिलावर येतं, आणि ते वाचायच्या आधीच ती आकडा बघून कपाळाला हात लावते.

शाळेत भूगोलात ती काठावर पास झालेली. नकाशात युरोप शोधायला सांगितला तर आजही बोट जरा घुटमळेल. पण कॉलेजच्या पोराला उन्हाळ्यात युरोपला स्वस्तात कसं पोचवायचं, यात तिचा हात धरणारा गावात कुणी नाही. हे मत तिचंच आहे आणि ते ती मागितल्याशिवाय देते.

लग्नाआधी ती एका विमान कंपनीच्या तक्रारीचे फोन घ्यायची. लोकांच्या शिव्या ऐकता ऐकता तिला कळलं की विमानातल्या सीटा सारख्याच रुंद असल्या, तरी त्यांची भाडी कधीच सारखी नसतात. शेजारी शेजारी बसलेल्या दोघांतला एक दुसऱ्याच्या दुप्पट मोजून आलेला असतो आणि खायला दोघांना तोच थंडगार पाव मिळतो. विद्यार्थ्यांसाठी कंपन्या वेगळं भाडं काढतात. कॉलेजचं ओळखपत्र दाखवा, वय बसू द्या, वर एक जास्तीची बॅगही न्या. पण त्या भाड्याच्या सीटा ठेवतात तोंडी लावण्यापुरत्या. त्या संपल्या की पुढची पायरी वरची, आणि उन्हाळ्यात त्या पायऱ्या चढताना भल्याभल्या बापांना धाप लागते.

यावर तिने स्वतःची एक रीत काढली होती. पैसे न भरता सीट थोडा काळ राखून ठेवता येते. ती आधी सीट धरायची, मग भावावर डोळा ठेवायची. भाव जरा उतरला की जुनी सीट सोडायची आणि लगेच नवी धरायची. आधी सोडावीच लागे, कारण एका दुकानातून एका नावाच्या दोन सीटा यंत्र धरू देत नाही. जुनी सुटली आणि नवी हाती आली नाही, असा एक क्षण मध्ये असायचा. त्या क्षणी ती श्वास रोखायची आणि गिऱ्हाईक देवाचं नाव घ्यायचं. चार लोकांची धरसोड त्यांना बुडवते. हिने धरसोडीवर संसार चालवला.

यंदा गिऱ्हाईक घरचंच होतं. तिच्या थोरल्या भावाची मुलगी. पोरगी पूल बांधायला शिकत होती, आणि युरोपात जुन्या दगडी पुलांची डागडुजी शिकवणाऱ्या उन्हाळी वर्गात तिची निवड झाली होती. शिकवणं, राहणं, खाणं त्यांच्याकडे. जाणं-येणं आपलं. भाऊ शिलाई मशीन दुरुस्त करायचा. त्याने एका वाक्यात निकाल दिला होता, "विद्यार्थ्याच्या भाड्यात बसलं तर जा, नाही तर आपल्याकडेही पूल आहेत." आणि वर्गवाल्यांनी कळवलं होतं की आज संध्याकाळपर्यंत तिकिटाची प्रत पाठवा, नाही तर जागा यादीतल्या पुढच्याला.

"आत्या, आज घेऊन टाकू या ना," पोरगी सकाळी म्हणाली. "धरलेली आहेच."

"भाव उतरलाय. बघ, डोळ्यांनी बघ. जे पैसे वाचतील ते तुझ्या बापाचेच वाचतील."

"पण सुटली आणि मिळाली नाही तर?"

"किती वर्षं करतेय मी हे? तू दगड रचायला शीक, सीटा मी रचते."

तिने सीट सोडली. श्वास रोखला. पुन्हा शोधलं.

विद्यार्थी भाडं: शून्य सीटा.

तिने श्वास सोडला आणि पुन्हा शोधलं. शून्यच. काही तरी हातात असावं म्हणून तिने वरच्या पायरीवरची सीट धरून ठेवली. ते भाडं पोरीने पाहिलं. बापाच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग तिला पाठ होता.

"आत्या..."

"थांब. मला विचार करू दे."

तो विचार पुरा व्हायच्या आत जिन्यात पावलं वाजली आणि दारात मामा उभा राहिला. पोरीचा सख्खा मामा. दाताच्या दवाखान्यात पेशंटांना आत सोडायचं काम करायचा, त्यामुळे घाबरलेला चेहरा तो लांबून ओळखायचा. आज मात्र स्वतःच्याच आनंदात होता.

"भाचीबाई, पेढे काढा! सीट मिळाली! विद्यार्थ्याच्या भाड्यात!"

"कुठून?" तिकीटताई खुर्चीतून अर्धवट उठली.

मामाने नजर चुकवली. "समोरून. काचवाल्याकडून."

समोर, रस्त्याच्या पलीकडे, काचेच्या दाराचं थंडगार दुकान होतं. त्याच्या मालकाशी ती गेली कित्येक वर्षं बोललेली नव्हती. रस्त्यात समोरासमोर आले, तर दोघांनाही अचानक आभाळात काही तरी दिसायचं.

"काय मामा, घरात दुकान असताना?"

"ताई, राग मानू नका. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. म्हटलं, तुमच्याकडे एक असू दे, वर एक हाताशी असावी. नशीब बघा ना! काचवाला बिचारा बराच वेळ शोधत होता, काहीच नव्हतं. आणि आत्ता, अगदी आत्ता, कुणी तरी खुळ्याने एक सीट सोडली!"

खालून इस्त्रीचा फुस्स आवाज आला. पोरीने ओठ दाताखाली धरले. हसू की रडू हे तिचं ठरत नव्हतं.

"खुळ्याने नाही," तिकीटताई म्हणाली. "खुळीने. बसा."

मामाला उलगडा व्हायला जरा वेळ लागला. झाला तेव्हा तो बसलेलाच होता, हे बरं झालं.

तेवढ्यात कंपनीचा संदेश आला. एकाच विमानात, एकाच नावाने तीन सीटा राखलेल्या आढळल्या. दुपारी कचेरी बंद व्हायच्या आत एक ठेवा, अन्यथा तिन्ही रद्द होतील.

"तीन?" पोरगी म्हणाली. "तुझी, मामाची, आणि?"

तिकीटताईने डोळे मिटले. आपल्या घराण्याला ती ओळखून होती. तिने धाकट्या भावाला फोन लावला.

"सीट धरलीयेस?"

"कुणी सांगितलं?"

"यंत्राने."

"तू स्वतःला फार शहाणी समजतेस म्हणून बोललो नाही," धाकटा म्हणाला. "आमच्या ऑफिसचा एजंट आहे. तुझ्यापेक्षा स्वस्त दिली त्याने. परतीची तारीख जरा अलीकडची घेतली की भाडं पडतं."

पोरीने फोन ओढून घेतला. "किती अलीकडची, काका?"

तारीख ऐकून ती म्हणाली, "अहो काका, तेव्हा आमचा पूल अर्धाच झालेला असेल. मी मधूनच उडी मारू का?"

"बाराभाईची शेती, काय लागेल हाती," तिकीटताई पुटपुटली आणि फोन परत घेतला. "सोड ती सीट. आत्ताच्या आत्ता."

"मीच का? मामांना सांग की. मी आधी धरलीय."

"मी का सोडू?" मामा फोनच्या दिशेने ओरडला. "माझी तारीख बरोबर आहे!"

"ते बाहेरचे, मी घरचा!"

"आई घरची आणि मामा बाहेरचा होय?"

"गप्प!" तिकीटताईने टेबलावर हात आपटला. ती आधी यंत्राकडे वळली आणि स्वतःची महागडी सीट सोडून दिली. या वेळी श्वास रोखला नाही.

"माझी सुटली," ती फोनवर म्हणाली. "या गावात तिकिटं मी विकते आणि माझी सीट पहिली सुटली. आता तू बोल."

मग धाकटा म्हणाला, "एजंटला फोन करतो. पण वहिनीला सांग, मी प्रयत्न केला होता."

"सांगते. मोठ्याने सांगते."

तिने पर्स उचलली, पोरीला ओळखपत्र आणि पासपोर्ट घ्यायला सांगितलं आणि जिना उतरली. मामा मागे.

"ताई, तुम्ही कशाला? मी आणि ही जातो ना."

"विद्यार्थ्याचं तिकीट छापताना तो जास्तीची बॅग टाकायला विसरतो. रस्त्यापलीकडून मला दिसतं."

काचवाल्याने तिला दारात पाहिलं आणि सवयीने वर बघितलं. वर छत होतं, त्यामुळे त्याला खाली बघावंच लागलं.

"या," तो म्हणाला. "म्हणजे... बसा."

ती बसली, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत. ती तिच्या ऑफिसातल्या खुर्चीपेक्षा मऊ होती, हे तिने मनात नोंदवलं आणि चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

"ही माझी भाची. हिच्या नावाची सीट तुमच्याकडे आहे. बाकीच्या सुटल्यात का बघा, मग पैसे घ्या."

काचवाल्याने पाहिलं. "एकच उरलीय. आपलीच." मग न राहवून म्हणाला, "सकाळी ती सीट सोडली ती तुम्ही?"

"मी."

"वाटलंच. एवढ्या भरवशाने सीट सोडणारं गावात दुसरं कोण आहे?"

ही स्तुती की टोमणा, हे तिला ठरवता आलं नाही. तिने स्तुती धरली. "बॅग टाका. जास्तीची. आणि नाव पासपोर्टवरून टिपा, मामांच्या तोंडून नको."

यंत्राने कुरकुरत कागद बाहेर ढकलला. पोरीने तो ओळीओळीने वाचला, जाण्याची तारीख, येण्याची तारीख, भाडं. मग फोटो काढून वर्गवाल्यांना पाठवला, आणि तो पोचल्याची खूण येईपर्यंत तिने फोन खाली ठेवला नाही. खूण आली. तिने बापाला फोन लावला.

"बाबा, बसलं. विद्यार्थ्याच्या भाड्यात."

"आत्याने काढलं ना?" पलीकडून आवाज आला. "म्हटलं नव्हतं मी?"

पोरीने आत्याकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, काचवाल्याकडेही पाहिलं.

"हो बाबा," ती म्हणाली. "आत्यानेच सोडलं, म्हणून मिळालं."