सुक्या चार मेढी

"आत कोन हाय का?"

आमचं कुंपण घालायला येणारे म्हातारे बाबा शेवटची गाठ मारण्याआधी असं ओरडायचे. आत मी आणि माझी वांगी.

"मीच आहे, बाबा."

"मंग निघा भायेर. मागनं बोंबलू नका."

गवंड्यालाही न जमणारा नेमकेपणा असलेली अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दर मे महिन्यात बाबा वळ गावाहून धामणकर नाक्यामागच्या आमच्या घरी पांगाऱ्याच्या हिरव्या फांद्यांचा भारा घेऊन यायचे. ही फांदी रोवली की पावसात मूळ धरते. अशा रोवलेल्या मेढींमध्ये करवंदीच्या काटक्या गुंफायच्या. मी शाळेतली बाई, कामांची यादी घेऊन उभी.

"कुंपनाची पन हजेरी घेता, बाई?"

एका वर्षी यादीत तिसरं काम होतं: मागची फट बुजवणे. मागच्या चाळीतल्या पॉवरलूमवाल्यांच्या बायका तिथून आमच्या नळावर यायच्या, त्यांच्यामागून बकऱ्या.

बाबा खाली बसले. "वाट हाय ती. वाटंवर मेढ रोवत न्हाय आमी."

"बकऱ्या भाजी खातात."

"बकरीला हाकला. मानसाला कशाला?"

मी यादीवर बोट ठेवलं. त्यांनी फट बुजवली. त्या दिवशी शेवटच्या गाठीआधी ओरडले नाहीत.

पुढे वळला गोदामं आली. बाबांच्या पुतण्याने घरापुढचं शेत विकलं आणि त्यांचं घर चारी बाजूंनी भिंतींत सापडलं. घरी जायला गोदामाचं गेट, गेटवर रजिस्टर.

"रोज अंगठा देतो," ते म्हणाले. "आता माजी हजेरी. बाई, अर्ज लिहा. वाट पायजे, येवढंच."

मी तहसील कचेरीला तीन अर्ज लिहिले, मुद्दे क्रमांक घालून. उत्तर आलं नाही.

बाबा गेले तेव्हा तिरडी गेटच्या आत थांबली होती. वॉचमन साहेबांच्या फोनची वाट पाहत होता. आम्ही सगळे उन्हात, आतच.

घरी आले ती थेट मागच्या कुंपणाशी गेले. सगळीकडे पांगारा पालवला होता. फटीच्या जागी मात्र चार मेढी सुक्या, साध्या काठ्यांच्या. त्या वर्षापासून दरवर्षी माझ्यासमोर बाबांनी तिथे सुक्याच रोवल्या होत्या. माझ्या यादीत नुसतं 'मेढी' लिहिलेलं असायचं.

एका हाताने उपटून आल्या. मूळ कशालाच नव्हतं.

सकाळी चाळीतली एक बाई हंडा घेऊन तिथवर आली आणि थबकली.

"अंदर आऊँ?"

मी बाजूला झाले.