माझ्या नावापुढचा दुसरा पत्ता

एका सर्व्हरवर वीस-बावीस संस्थांची मेल चालवायची आणि प्रत्येकीला वाटू द्यायचं की हा सर्व्हर आपल्या एकटीचाच आहे, हा आमचा धंदा. मी नांदेडात, भागीदार लातुरात. कॉलेजात एका बाकावर बसलेलो आम्ही.

सगळा खेळ एका फाइलीचा. डावीकडे मेलचा पत्ता, उजवीकडे ती कुणाच्या पेटीत टाकायची ते. यंदा नांदेडचा जुना सर्व्हर बंद करून लातूरच्या नव्यावर जायचं ठरलं. दोन्हीकडचं सॉफ्टवेअर वेगळं, त्यामुळे फाइल जशीच्या तशी उचलून चालत नाही. एखादा शहाणा म्हणेल, छोटा प्रोग्राम लिहा. मागच्या खेपेला मी लिहिला होता. त्यानं कंधारच्या एका शाळेची मेल लोह्याच्या बियाण्यांच्या दुकानात नेऊन टाकली. तेव्हापासून आमचा रिवाजच पडला: मी फोनवर ओळ वाचायची, त्यानं तिकडे टाइप करायची.

जुना सर्व्हर त्यानंच बसवलेला. मी खाली नवी नावं जोडत गेलो, वरच्या ओळी कधी पाहिल्याच नाहीत. त्या दिवशी वाचता वाचता माझं स्वतःचं नाव आलं. डावीकडे माझा पत्ता. उजवीकडे माझी पेटी, स्वल्पविराम, त्याची पेटी. मी तेही वाचून मोकळा झालो, आणि मग काय वाचलं ते डोक्यात शिरलं.

तिकडची टकटक थांबली.

"ती लिहायची न्हाई," तो म्हणाला. "टेस्टिंगला टाकली होती गड्या. काढायची ऱ्हायली."

सात वर्षं राहिली! मला आलेली प्रत्येक मेल त्याच्याकडेही जात होती. वाचायची इतकी सवय झाली असावी की मध्ये अशी एक ओळ आहे हेच तो विसरला.

मागे बायको भांडून माहेरी गेली, तेव्हा मी फक्त बहिणीला लिहिलं होतं. तिचं उत्तर आलं. खाली माझी मूळ मेल, रागाच्या भरात बायकोबद्दल नको नको ते लिहिलेली. दुसऱ्याच दिवशी हा एसटीनं दारात हजर. दोन दिवस राहिला, स्वतः खिचडी टाकली, एक शब्द विचारला नाही. न सांगता ओळखणारा दोस्त म्हणून मी त्याचं कौतुक कुठे कुठे केलं नाही! बायको परत आल्यावर तिलाही सांगितलं.

"तवा सहजच आला होतास का रे?" मी विचारलं.

तो म्हणाला, "तुझी काळजी वाटली म्हणून आलो ना."

अंगाची आग झाली. पण लोकांची मेल सकाळपासून अडकली होती. उरलेल्या ओळी मी वाचल्या, त्यानं लिहिल्या.

परवा बायको म्हणाली, "तुमचे दोस्त लई दिवसांत आले न्हाईत. जेवायला बोलवा की." तिच्याबद्दलचं सगळं त्यानं वाचलंय, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू?