घोड्याच्या घरातलं प्यादं

मोडनिंबला हायवेलगत पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून देणारे एक मामा आहेत. तांब्याची तार गुंडाळताना ते वेढे मोजतात, तेव्हा कुणी बोलायचं नाही. मोबाईलवर ऑनलाइन बुद्धिबळ खेळतानाही तसंच. ग्रीस लागू नये म्हणून मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत.

मामा गावाकडच्या नियमांवर वाढलेले. तिथं राजाला एकदा घोड्यासारखी उडी मिळते आणि प्यादं शेवटी ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल, तोच मोहरा होतं. ऑनलाइन राजा उडी मारीना. "ह्यो राजा हाय का खांब?" म्हणत मामा महिनाभर हरले.

मी शाळेत बुद्धिबळ शिकवतो, त्यामुळे सल्ले द्यायची खोड. किल्लेकोट करा, वजीर घाईनं काढू नका, प्याद्याचा नेहमी वजीरच करा. पहिलं त्यांनी ऐकलं, दुसरं निम्मं. तिसऱ्याला नुसती मान डोलवायचे.

परवा गेलो, तर मामांचा डाव हातातून गेल्यातच जमा होता. पुढच्या खेळीला मातच होती. एवढ्यात त्यांचं प्यादं घोड्याच्या घरात पोचलं.

"मामा, वजीर!" मी ओरडलो.

त्यांनी घोडा घेतला. मी कपाळावर हात मारला. पाहतो तर समोरच्यावर मात!

"जुन्या नियमानं घेतलात ना?"

"न्हाय सर, मोजलं हुतं. वजीर तितनं शह देत न्हाय, घोडा देतोय की."

दुसऱ्या दिवशी मी तोच डाव वर्गात मांडला. सगळी पोरं एका सुरात ओरडली, "सर, वजीर!"