तळाची माती

भवरे सरांच्या डाव्या कानात बाराही महिने तेलात भिजवलेला कापसाचा बोळा असे. त्यांच्याशी बोलायचं तर उजव्या अंगाला बसावं लागे. वर्गात डावीकडच्या बाकांवरच्या पोरांची त्यामुळे चंगळ होती. आदिलाबादच्या आमच्या मराठी शाळेत ते भूगोल शिकवत. मी गणिताचा मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा त्यांनी माझी खुर्ची स्वतः उचलून पलीकडे ठेवली आणि म्हणाले, "गनितवाले, इकडं बसा. त्या कानाले कायमची सुट्टी हाय."

निवृत्तीला तीनेक वर्षं उरली असताना सरांना समुद्राचं खूळ लागलं. साधं समुद्रस्नानाचं नव्हे. आठवडाभर बोटीवरच राहायचं, तिथेच जेवायचं, तिथेच झोपायचं आणि पाठीवर हवेची टाकी बांधून दिवसातून तीन-चारदा पाण्याखाली उतरायचं. याला लिव्हअबोर्ड म्हणतात, हेही आम्हाला त्यांनीच सांगितलं. टीव्हीवर त्यांनी तसा एक कार्यक्रम पाहिला होता. माशांचं, प्रवाळाचं त्यांना फारसं कौतुक वाटलं नाही. त्यांना आवडलं ते वेगळंच. "एका टेबलावर जेवतेत आन् एकामागं एक एकाच पान्यात उड्या मारतेत. कोन कोनाचा, कोनी इचारत नाही." त्या वेळी मी हसलो. आमच्याकडे गाळ काढायला कॅनॉलमध्ये उतरतात, हौसेनं कोण उतरतं?

पण सरांचा अभ्यास पक्का. शाळा सुटली की बसस्टँडजवळच्या इंटरनेट कॅफेत जाऊन बसत आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये नकाशा उघडून एकेका समुद्राची हजेरी घेत. सुट्टी मिळणार फक्त मे महिन्यात, म्हणून पहिली चाळणी तिथेच लागे. मालदीवला मेमध्ये पावसाळी वारं सुटतं, शिवाय बेटांमधल्या पाण्याला ओढ फार, ते नवशिक्याचं काम नव्हे. अंदमान आपल्या देशातलं, पण मे सरता सरता तिथला समुद्र बिघडतो. इंडोनेशियात प्रवाह बेभरवशाचे. हेडमास्तर रोज दारातूनच विचारत, "क्या भवरे सर, कौनसा समुंदर फायनल हुआ?" सर शांतपणे म्हणत, "पाहून राह्यलो."

एकदा मी म्हटलं, "सर, सगळीकडे पाणीच. एवढं काय पारखायचं?"

"पानी नाही, तळ पारखून राह्यलो. काही ठिकानी प्रवाळाची नुसती भिंत असते, खाली कितीक खोल, पत्ता नाही. मले हात लागंल असा तळ पाहिजे." आणि मग त्यांचं नेहमीचं वाक्य, जे ते परीक्षेतल्या वरवरच्या उत्तरांनाही ऐकवत, "तळ पाहल्याबिगर पान्याची गोष्ट सांगू नये."

शेवटी तांबडा समुद्र ठरला. मे महिन्यात पाणी निवळ, फार थंड नाही, आणि प्रवाळाच्या पायथ्याशी नवशिक्यालाही गाठता येईल अशी वाळू. सरांनी पासपोर्ट काढला. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. उतरण्याआधी रीतसर शिक्षण घ्यावं लागतं आणि त्याआधी डॉक्टरांचा होकार लागतो, म्हणून आम्ही दोघं हैदराबादला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. सर निर्धास्त होते. "पान्यात कोनाचं आयकाचं असते? बहिरा असला तरी चालते," असं वाटभर सांगत होते. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, हे त्यांनी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. तो दाब पहिला कानावर येतो, हे स्वतःच्या बाबतीत त्यांच्या मनात आलं नव्हतं.

डॉक्टरांनी कानात पाहिलं आणि मान हलवली. पडदा लहानपणीच फाटलेला होता. पाणी आत गेलं तर माणूस तिथेच भोवळ येऊन गोते खाईल. ऑपरेशन करूनही या वयात या कानाला खोल पाण्यात पाठवणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. मग सहज विचारलं, "चोट कैसे लगी थी?"

"कुएँ में गिर गया था," सर म्हणाले.

परतताना बस नेरडीगोंड्याला चहासाठी थांबली. सर माझ्या डाव्या हाताला बसले होते, म्हणजे उजवा कान माझ्याकडे. चहा तसाच निवत ठेवून ते म्हणाले, "पडलो नवतो मी इहिरीत. उडी मारली होती."

भीमपूरकडे पैनगंगेच्या काठी त्यांचं गाव. उन्हाळ्यात पाटलाच्या मळ्यातल्या विहिरीत गावची पोरं पाठीला वाळके भोपळे बांधून पोहायला शिकत. ज्याला पोहणं आलं त्यानं सूर मारून तळाची मूठभर माती वर आणून दाखवायची, अशी रीत होती. भवऱ्यांच्या पोराला त्या विहिरीच्या काठावरही उभं राहू देत नसत. तो नदीत शिकला. एका दुपारी पाटलाचा पोरगा बापू तळ गाठता गाठता तीनदा रिकामा वर आला. पोरं हसत होती. यानं काठावरून उडी घेतली आणि मूठ भरून वर आला. "मूठ उघडून दाखवाच्या आंदीच पाटलाची थापड बसली," सर म्हणाले. "कानातून रगत आलं. मंग इहीर बाटली म्हनून सारं पानी उपसलं. मोटीचे बैल हाकाले कोन होता सांगा? माहा बाप. सालगडीच होता त्याहिचा. माहा इटाळ पान्याले लागला, बापाचा बैलाले नाही लागला."

मला संताप आला. "काऊन सांगितलं नाही डॉक्टरला?"

"सांगून काय, कान भरून येते?"

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी दारातून विचारलं, "क्या सर, लाल समुंदर पक्का ना?" सरांनी नकाशा उघडला आणि म्हणाले, "पाहून राह्यलो." पुढे निवृत्तीपर्यंत हेच चाललं. तांबड्या समुद्रातही त्यांनी खोट काढली. लोक म्हणत, भवऱ्याची हिंमत नाही, नुसत्या गप्पा. ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाई, पण सरांनी मला बोलू दिलं नाही.

त्यांच्या निरोप समारंभाला पाहुणे म्हणून शाळा समितीचे अध्यक्ष आले होते. बापूराव पाटील. तोच बापू. शाल घालून झाल्यावर ते माइकवर म्हणाले, "भवरे सर आन् मी बालमित्र. आमच्या मळ्यातल्या इहिरीत आमी संगं पोहलो. आमच्या घरी जातपात कधी नवती." टाळ्या पडल्या. माइक डावीकडे होता, सरांना धड ऐकू गेलं नाही. त्यांनी मला विचारलं, "काय म्हनला थो?" मी त्यांच्या उजव्या कानात शब्दन् शब्द सांगितला.

सर उठले. "पाटील साहेब म्हनून राह्यले, आमी एका इहिरीत पोहलो. खरं हाय. मी एकडाव पोहलो. तवापासून हा कापूस घालतो." त्यांनी कानातला बोळा काढला आणि पाटलांसमोर टेबलावर ठेवला. "आता हा तुमी ठेवा."

 मग हेडमास्तरांनी घाईघाईनं अल्पोपहाराची घोषणा केली. नंतर कित्येक दिवस शाळेत एवढीच चर्चा होती, की भवऱ्यानं एवढ्या चांगल्या कार्यक्रमाचा विचका केला आणि पोहे थंड झाले. तेव्हापासून कापूस कशासाठी, हे कोणी विचारलं नाही.

पुढच्याच वर्षी सर हृदयविकारानं गेले. पैनगंगेच्या काठी त्रिसरण-पंचशील म्हणून त्यांना निरोप दिला. परतताना मी वाट वाकडी करून पाटलाच्या मळ्यात गेलो. बोअर पाडल्यापासून विहीर कोरडी पडली होती. तळ लख्ख दिसत होता. फुटके पाइप, फवारणीचे रिकामे डबे आणि भेगाळलेली माती. पायऱ्या शाबूत होत्या. मळ्यातला गडी म्हणाला, "उतरा ना सर, पाहाचं असंल तर. आता कोनी काई म्हनत नाही."

मी उतरलो नाही. मूठभर माती वर आणून दाखवायची कोणाला?