बोलिव्हियाची बंदरे

१९५०च्या दशकाच्या अखेरीस मी एर्लांगेनजवळच्या एका जर्मन दैनिकात उमेदवारी करत होतो. चलन कोसळल्यानंतर सावरू पाहणाऱ्या बोलिव्हियाचा आर्थिक परिचय लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. असल्या प्रत्येक परिचयाला आमचे संपादक एकच शेवट जोडत: 'बंदरे पुन्हा गजबजू लागली आहेत.' छापखान्यात या ओळीचे खिळे कायम जुळवून ठेवलेले असत.

"या देशाला समुद्रच नाही," मी म्हणालो.

"वाचकाला शेवटी आशा लागते," ते म्हणाले. ओळ छापली गेली.

रविवारी ओळखीचा एक पुणेकर इंजिनियर त्या लेखाचे कात्रण घेऊन आला. एका दलालाने त्याला बोलिव्हियात बंदरावरच्या क्रेनची नोकरी देऊ केली होती.

"उद्या करारावर सही आहे. बंदर नक्की कुठंय, असं विचारलं, तर त्यानं तुमचंच कात्रण पुढं केलं. म्हणाला, जर्मन पेपर खोटं छापेल का?"

मी नकाशा उघडून दिला. देशाच्या सीमेवरून त्याने सावकाश बोट फिरवले, मग माझ्याकडे पाहिले.

"आल्झो, म्हणजे क्रेन डोंगरावर लावायची होती तर."

सोमवारी त्याने सही केली नाही. संपादकांना फोन करून कारणही ऐकवले.

संपादक खूश झाले. "बघा," ते मला म्हणाले, "लोक शेवटपर्यंत वाचतात."