काजळलेल्या काचेवरच्या दोन रेघा

आमच्या घरात वर्तमानपत्राच्या आधी पत्रकं यायची. मी वाचायला शिकले तीही त्यांवरच, आणि बुवाबाजीविरुद्ध पहिला मजकूर लिहिला तेव्हा शाळेत होते. पोलादपूरजवळच्या कापडे गावातल्या आमच्या वस्तीचं चार पानी पत्रक आत्या काढते. ती निवृत्त शिक्षिका. विहाराच्या पडवीत बसून ती प्रत्येक ओळ वाचते आणि पडताळता येणार नाही ते काढून टाकते.

गेल्या हिवाळ्यात मी तिला ताऱ्याची रुंदी कशी मोजतात यावर लेख दिला. चांगल्या दुर्बिणीतूनही तारा ठिपक्याएवढाच दिसतो. म्हणून दोन आरसे एकमेकांपासून लांब ठेवतात आणि दोन्हींवर पडलेला त्याच ताऱ्याचा उजेड एका जागी आणतात. दोन उजेड मिसळले की कुठे भर पडते, कुठे ते एकमेकांना पुसतात, आणि उजळ-काळ्या पट्ट्या उमटतात. आरसे आणखी लांब नेले की पट्ट्या फिकट होत मिटतात. तारा जितका रुंद, तितक्या त्या लवकर मिटतात.

आत्याने कागद परत माझ्या हातात ठेवला.

"अंगारेवाल्याकडे तू पुरावा मागतेस. इथे कुठला दिलास?"

मी चिडले. हे शास्त्रज्ञांनी मोजलेलं आहे, असं म्हणाले. त्यावर ती शांतपणे म्हणाली, अंगारेवालाही मोठ्यांनी बघितलंय असंच सांगतो. पत्रक शनिवारी छपाईला महाडला जाणार होतं. तोवर दाखवता आलं तर लेख जाईल, नाहीतर नाही.

राग ओसरल्यावर जे उरलं ते जास्त बोचणारं होतं. मी स्वतः एकही पट्टी पाहिली नव्हती. उजेडात उजेड मिसळून अंधार होतो, हे मी ठणकावून लिहिलं होतं, पण तो अंधार दिसतो कसा?

फुटलेल्या तसबिरीच्या काचेचा तुकडा मेणबत्तीवर धरून काळा केला. दाढीची दोन पाती घेतली, मध्ये लग्नपत्रिकेचा जाड कागद घातला आणि काजळीवर एकदाच ओढली. जवळजवळ दोन बारीक रेघा. बस. दोन आरशांच्या जागी या दोन रेघा.

पोलादपूरला हायवेच्या कडेला उभी राहून मी ती काच डोळ्याला लावली. अंधार पडत होता, कशेडी घाट उतरून आलेले ट्रक दिवे लावून येत होते. लांबच्या दिव्यात पट्ट्या होत्या. खरोखरच होत्या, कंगव्याच्या दातांसारख्या. ट्रक जवळ आला तशा त्या फिकटल्या आणि मिटल्या. मी पुढच्या ट्रकची वाट पाहिली, मग त्याच्या पुढच्या. दरवेळी तेच. दिवा जवळ येऊन रुंद दिसू लागला की त्याचा प्रत्येक भाग आपापल्या पट्ट्या काढतो, आणि सगळ्यांची मिळून खिचडी होते. लेखात हे मी लिहिलं होतं. कळलं तिथे.

आत्याने मात्र स्वतःची परीक्षा ठरवली. पडवीतल्या बल्बसमोर बटर पेपर आणि त्यावर पुठ्ठा लावायचा. एका पुठ्ठ्याला बोटाएवढं भोक, दुसऱ्याला पेल्याच्या तोंडाएवढं. कापणी झालेल्या शेताच्या पलीकडे उभं राहून मी कुठला पुठ्ठा आहे ते सांगायचं. उघड्या डोळ्यांना तिथून नुसता झगमगाट दिसायचा, मी आधी पाहून घेतलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी बांधावर उभी राहिले. शेजारची काकी सोबत आली होती.

"काय गो, भुतं दिसतात काय त्यातून? दिसली तर तुझ्या आत्याला सांगू नको, पत्रकात छापील."

रेघा उभ्या धरल्या. पट्ट्या स्वच्छ दिसल्या. म्हणजे लहान भोक. मी ओरडून सांगणारच होते, पण आडव्या धरल्यावर कशा दिसतील म्हणून काच फिरवली. पट्ट्या गेल्या. परत उभी केली, आल्या. आडवी केली, गेल्या. लहान भोकात त्या दोन्हीकडून दिसायला हव्यात, मोठ्यात एकाही बाजूने नकोत. काच बिघडली, की मला हे कळलेलंच नाही? "लहान" म्हणून मोकळी झाले तर लेख कदाचित छापून येईल. पण मला जे दिसलं ते तसं नव्हतं.

"आत्या," मी हाक दिली, "यातलं एकही नाही. रुंदीला बारीक आहे आणि उंचीला मोठं."

मग ती पुठ्ठा हातात घेऊन शेतातून चालत आली. त्यात वीतभर उंच, बोटभर रुंद फट कापलेली होती. तिसरा पुठ्ठा तिने मला सांगितलाच नव्हता.

काकीने काच माझ्या हातातून घेऊन डोंगरावर नुकत्याच आलेल्या व्याधाच्या ताऱ्याकडे लावली. बराच वेळ बघत राहिली.

"फिकट हायत, पण हायत. आडवं धरलं तरी जात नाय."

"तो फारच बारीक दिसतो," मी म्हणाले. "या रेघा त्याला पुरणार नाहीत. त्याच्या पट्ट्या मिटवायच्या तर आरसे लांब-लांब न्यावे लागतात."

"किती लांब?" आत्याने विचारलं. तिचा आवाज आता परीक्षकाचा राहिला नव्हता.

"वीसेक मीटर. या बांधापासून जवळजवळ अर्ध्या शेतापर्यंत."

तिने काच मागून घेतली, चष्मा वर सरकवला आणि ताऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "पहिल्या पानावर घेऊ. सुरुवात काचेपासून कर. काजळी कशी धरायची, पाती कशी ओढायची, सगळं. वाचणाऱ्याने आपलं आपण बघावं. तारा मागून येऊ दे."

सकाळी गाडी महाडला निघायच्या आत मला पूर्ण लेख नव्याने लिहायचा होता.